बोटीचा पंखा

रविवार, दिवेलागण

आजचं लिवून ठेवलंच पाह्यजे. धरणात खडकावर आपटून आमच्या मोटरबोटीचा पंखा तुटला, म्हून काल मी आन आमचे हे अकोल्याले गेलो. यांले जास्त पिळाच्या पात्यांचा पाह्यजे होता, बोट जोरात पयन म्हून. मी म्हटलं, "आपल्याले शर्यत लावाची हाय का? मासोयांचं वझं ओढाचं हाय. कमी पिळाचा घ्या."

हे दुकानात चारचौघांत म्हणाले, "तुले काय समजते?"

तुले काय समजते! मी हटलीच नाही, कमी पिळाचाच घेतला. पण उलटं निघालं असतं तं?

आज मासोयांनी भरलेली बोट इंजिन न रडता काठाले लागली. मंग शेजारच्या बोटवाल्यानं यांले इचारलं, "कोणता पंखा घेऊ?"

हे म्हणाले, "मले काय समजते? हिले पूस."