गाडीचा खालचा पत्रा आणि माझी बाकीची इस्टेट

मी, खाली सही करणारी, धंदा हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुऊन पोचवण्याचा, शिक्षण चौथीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता हे लिहून ठेवते. परवा माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. पोटाला मी घाबरत नाही. माझ्या माघारी घरातले दोन पुरुष काय दिवे लावतील, याची भीती आहे. लिहिण्याची पद्धत सासऱ्यांच्या मृत्युपत्रातून उचलली आहे. त्यांनी त्यात स्वतःला प्रेमळ म्हटलं होतं. मी तसलं काही लिहिणार नाही.

कलम १. राहतं घर माझ्या नावावर आहे, ते मुलीला द्यावं. मागची खोली नवऱ्याला हयातभर वापरायला, पण कलम ४ पाळल्यावरच.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीला. धुण्याची यंत्रं आणि इस्त्रीचं टेबलही तिलाच. धंदा चालवायचा की विकायचा, ते तिनं ठरवावं. काकाचा, म्हणजे माझ्या दिराचा, सल्ला घेऊ नये.

कलम ३. मालाची गाडी. गाडी जुनी असली तरी इंजिन माझ्यापेक्षा धडधाकट आहे. रोग खाली आहे. हॉटेलातून ओले टॉवेल उचलले की टबात टाकावेत, हे नवऱ्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. टब उचलायला जड म्हणून यांनी गठ्ठे तसेच गाडीत फेकले. पाणी आतून मुरलं. खालून, इथल्या थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ. पत्र्याला दोन्हीकडून खाल्लं.

गेल्या थंडीच्या तोंडावर दीर म्हणाला, "वहिनी, गॅरेजवाल्याचे लाड कशाला? मी आहे ना घरचा." गाडी घेऊन गेला आणि चकचकीत करून आणली. मी त्याला बसवून जेवायला वाढलं.

या वर्षी थंडीच्या आधी खालून पुन्हा रंग मारावा म्हणून मी दाराखालच्या पोकळ पत्र्याला पेचकस लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. वर रंगाचा पापुद्रा, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीमागे कोंबलेला टॉवेल. काळा, बुळबुळीत, मेलेल्या उंदरासारखा वास. वर्षभर पाणी धरून बसलेला, म्हणून जो पत्रा वाचला असता तोही सडला. कोपऱ्यात हॉटेलचं निळं चिन्ह शाबूत होतं.

हा तोच टॉवेल. गेल्या थंडीत गठ्ठ्यात एक कमी भरला म्हणून हॉटेलच्या मॅनेजरनं सगळ्या नोकरांसमोर माझी पिशवी उलटी केली होती. नवरा शेजारी उभा होता.

दिराला विचारलं. म्हणाला, "दादानंच दिला की! भोक एवढं मोठं, पुट्टी आत पडत होती."

नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "अगं, तेव्हा बोललो असतो तर उगाच वाढलं असतं."

त्याच दिवशी दोघं अंगणात कुजबुजताना ऐकलं. दीर म्हणत होता, "वहिनी दवाखान्यात गेल्या की पुट्टीचा एक हात मारून टाकू. पोरीला गाडी देऊन टाक, खूश होईल. नातीला शाळेत सोडायला बरी." नातीच्या सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात आहेत, तो मी बोटानं मोडला आहे. बोटानं.

तेव्हा गाडी मुलीलाच, पण अशी: सडका पत्रा चांगला लागेपर्यंत कापावा, नवा वेल्डिंगनं जोडावा, आतून-बाहेरून प्रायमर, मग रंग, आणि पोकळीत तेल सोडावं. हे सगळं रस्त्यावर मीठ पडायच्या आत. कोपऱ्यावरच्या वेल्डरशी बोलून ठेवलं आहे. बाळ, काम झालं म्हणतील तेव्हा माझा पेचकस घेऊन स्वतः खाली झोप आणि सगळीकडे टोचून बघ. लाजू नकोस. टोचल्यावर जो चिडेल, त्याच्या बाजूला दोनदा टोच.

कलम ४. दिराला त्याचा उरलेला पुट्टीचा डबा. नवऱ्याला तो टॉवेल. जन्मभर दुसऱ्यांची घाण धुतली, हा मी धुतलेला नाही. नवऱ्यानं तो तसाच हॉटेलात न्यावा, मॅनेजरच्या हातात द्यावा आणि कुठे होता, कोणी ठेवला, ते नोकरांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगावं. त्यानंतर मुलीनं त्याला मागच्या खोलीची किल्ली द्यावी.

कलम ५. कागदाला हे दोघं जुमानणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी वेल्डरकडून ग्राइंडर आणला आणि पुढच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत खालचा पत्रा मीच कापून काढला. नवरा धावत आला. "अगं, काय करून ठेवलंस हे!"

"होतं तेच. फक्त आता दिसतंय," मी म्हटलं.

आता गाडीत बसलं की पाय जमिनीला लागतात. मॅट अंथरायला खाली काही नाही, पुट्टी चिकटायला कड नाही. किल्ली कोणाकडेही ठेवा.

कलम ६. ऑपरेशनमधून जिवंत परत आले तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. कलम ४ चालू राहील.

साक्षीदार:
१. भंगारवाला. कापलेला पत्रा यानंच उचलला. तराजूत टाकताना निम्मा हातातच चुरला, हे त्यानं पाहिलं आहे. (सही)
२. शेजारच्या नर्सबाई. मी शुद्धीत आहे, असं म्हणतात. रागात आहे, असंही म्हणतात. दोन्ही खरं. (सही)

लिहून देणार: मी स्वतः (सही, येते तशी)
स्थळ: राहत्या घरची धुण्याची खोली
दिनांक: ६ ऑक्टोबर, सोमवार. बाहेर गार वारा सुटला आहे.