सकाळची बॅच

आई, मी श्रीगोंद्याला तुझ्या नातीच्या कॉलेजात, व्हरांड्यातल्या बाकावर बसलेय. साडेदहाची वेळ दिली होती, आता बारा वाजत आले. आत एक सर बसलेत. पुढच्या वर्षी कोणते विषय घ्यायचे ते पोरांशी आणि पालकांशी बोलून ठरवायचं, हे त्यांचं काम. आमचा नंबर चौदावा आणि आत्ता कुठं नववा आत गेलाय. पोरगी कॅन्टीनला गेलीय. तू गेलीस तेव्हा दोन वर्षांची होती, आता माझ्यापेक्षा उंच झालीय. फॉर्मची एक झेरॉक्स जास्तीची काढली होती, तिच्या पाठीवर हे लिहितेय. हात रिकामे राहिले तर कुणावर तरी ओरडेन अशी माझी अवस्था आहे.

चार दिवस या भेटीची तयारी करतेय मी. अंगणवाडीची रजिस्टरं भरून तक्ते आखायची सवय आहे, पण या कॉलेजवाल्यांनी मलाही रडकुंडीला आणलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, वर आणखी कसकसले कोर्स आणि त्या सगळ्यांची क्रेडिट. वेबसाईटवर एक यादी, छापील पत्रकात दुसरी, आणि ऑफिसातल्या बाई फोनवर तिसरंच सांगतात. मुख्य विषय आज ठरला की ठरला, मग बदलता येत नाही म्हणे. तरी पट्टीनं रेघा मारून तिन्ही वर्षांचा तक्ता केला. मुख्य विषय केमिस्ट्री, त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. लहानपणापासून हळद, लिंबू, खायचा सोडा घेऊन हिनं माझी एक वाटी धड ठेवलेली नाही.

आणि आज सकाळी काष्टीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना बाईसाहेब म्हणतात, "मम्मी, मी भूगोल घेते. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत चालतं, आपली गाडी निघून जाते." चार दिवस मी डोळे फोडले आणि ही आज सांगतेय. मला इतका राग आला की श्रीगोंदा येईपर्यंत मी तिच्याकडं पाठ करून बसले.

मग खिडकीशी बसल्या बसल्या तुझाही राग आला. चोवीस वर्षं झाली त्या दुपारला, पण तुझ्यावर रागवायची सवय काही गेलेली नाही. काष्टीच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये तू लिंबं निवडतेयस. पिवळी एका बाजूला, हिरवी एका बाजूला, डागी तिसऱ्या ढिगात. तुझ्या बोटांच्या चिरांत रस जायचा आणि संध्याकाळी भाकरी थापताना तू दात आवळायचीस. मी बीएस्सीचा फॉर्म घेऊन तशीच कॉलेजातून तिथं आले होते. प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला आणि शेवटची गाडी साडेचारची, असं मी तुला सांगितलं. तू मान खाली घालूनच म्हणालीस, "मग मराठी घे. दिवस हाय तवर घरी यायचं." झालं, मी बीए केलं.

त्यानंतर भेटेल त्याला मी हेच सांगत आले की मला सायन्स घ्यायचं होतं, आईनं घेऊ दिलं नाही. बाळंतपणाला माहेरी आले होते, सासरची माणसं बाळ बघायला आली, तेव्हा त्यांच्यादेखतसुद्धा मी ते बोलले. तू चुलीपुढं होतीस. भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "व्हय, माझंच चुकलं." मला तेव्हा बरं वाटलं होतं, आई. त्याच आठवड्यात तू ट्रंकेतून पांढरं कोरं कापड काढून हिची झबली शिवलीस. एवढं चांगलं कापड कधी घेतलं होतंस म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "तुझ्या त्या प्रयोगाच्या कोटासाठी आणलं हुतं. ऱ्हायलं तसंच."

मघाशी पाय मोकळे करायला उठले आणि नोटीस बोर्ड वाचला. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी सकाळची बॅच आहे. कागद पिवळा पडलाय, टाचण्या गंजल्यात. गेलं वर्षभर पोरगी रोज त्याच्यासमोरून जातेय. ती दोन वडापाव घेऊन आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळचं नसतं का काही?" तिनं वडापावचा कागद सोडता सोडता सांगितलं, "नसतं." आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली. मागच्या परीक्षेत केमिस्ट्रीची तोंडी परीक्षा देऊन ती रडत घरी आली होती. तेव्हा मी अंगणवाडीच्या रजिस्टरांच्या नादात नीट विचारलंही नव्हतं.

तिचं ते "नसतं" मला ओळखता आलं, तो माझाच आवाज होता. त्या दुपारी मराठी घे म्हणायच्या आधी तूही हात पुसून मला विचारलं होतंस, "सकाळचं न्हाई का कायी?" मी न्हाई म्हणाले. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यांसमोर पाच प्रश्न विचारले होते आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. पुन्हा त्या टेबलापाशी उभं राहायची मला धास्ती वाटत होती. गाडीचं कारण आयतं मिळालं आणि नाही म्हणायचं काम मी तुझ्यावर टाकलं.

तेरावा नंबर आत गेला. आत गेल्यावर सरांना मी तिच्यासमोर सकाळच्या बॅचचं विचारणार आहे. चिडेल माझ्यावर, चिडू दे. हे पान तिलाच वाचायला द्यावं असं मनात आलं होतं, पण घडी करून पर्समध्ये ठेवतेय, तेवढी हिंमत माझ्यात अजून नाही. माझ्या वेळीही बॅच होती, आई. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठला.