शिडीचं लेखाशीर्ष

३ डिसेंबर २०२५
आमच्या ग्रामसेविका मयुरी मॅडमनी प्रशिक्षणाची जुनी पुस्तिका दिली – ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक कसं करतात त्याची. म्हणाल्या, "काकू, वाचून झोप येईल." आली! चौथ्या पानावरच. पण तोवर एवढं कळलं की पंचायतीचे सगळे हिशेब नमुना १ ते ३३ अशा कागदांत असतात. शेजारच्या ताईबाईला सांगितलं तर म्हणते, "आपला गावमा तेत्तीसच नमुना शेतस? नीट मोज वं, जास्ती होतीन!"

५ डिसेंबर
कशासाठी वाचते ते एकदा लिहून ठेवते. पाण्याच्या टाकीची शिडी. टाकीचं काम आधी ह्यांच्याकडे होतं. त्या शिडीवरून पडूनच हे गेले, त्याला गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली. वरच्या पायऱ्या अजून तशाच गंजलेल्या. आता अभिमनभाऊ रोज चढतात, पाण्यात पावडर टाकायला. त्यांना तीन मुली.
सरपंच चुडामण आबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकच – "अक्का, तरतूदच नाही. बजेटमध्ये शिडीला हेड नाही." म्हटलं, हेड म्हणजे काय ते तरी बघू.

७ डिसेंबर
हेडला मराठीत लेखाशीर्ष. शीर्ष! म्हणजे शिडीला डोकं नाही म्हणून पैसे नाहीत.

११ डिसेंबर
तीन दिवस 'आरंभीची शिल्लक' यात अडकले. गेल्या वर्षी उरलं ते या वर्षी आधी धरायचं – एवढंच! मी ज्वारीच्या कोठीत हेच करते. पुस्तिकेनं त्याला दोन पानं घेतली. हे असते तर ह्यांना समजावून सांगितलं असतं. "हां, हां" म्हणत झोपी गेले असते.

१६ डिसेंबर
सापडलं! 'पाणीपुरवठा – देखभाल व दुरुस्ती.' शिडी त्यातच बसते. वेगळं डोकं नको. तशीच पंचायतीत गेले, आबांना पान दाखवलं.
"अक्का, तुम्ही आता बीडीओच व्हा!" मग म्हणतात, "पण या गावात शिडीसाठी कधी पैसे धरलेच नाहीत. मी नवीन प्रथा कुठून पाडू?"
"आणि धरलेले असले तर?"
"दाखवा. तीस तारखेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. तिथल्या तिथे मंजूर करतो."
बसलेले चौघं हसले. मीपण हसले. आणि मागच्या तीन वर्षांच्या कागदांसाठी अर्ज करून आले.

२० डिसेंबर
अभिमनभाऊ दारावरून गेले. "अक्का, शिडीनं काय जयं?" म्हटलं, वाचतेय अजून. "वाच, वाच. तवलोंग मी देवनं नाव लिसन चढस!"

२४ डिसेंबर
कागद मिळाले. किलोभर तरी असतील. ताईबाई रद्दीचा भाव विचारून गेली.

२९ डिसेंबर
मिळालं. साल २०२३-२४. टाकीची शिडी बदलणे – अडतीस हजार. धरले होते!
त्यालाच नमुना दोन जोडलाय – एका कामाचे पैसे दुसऱ्याला वळवायचा कागद. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव : शिडी पुढच्या वर्षी बघू, हे पैसे बचत गटाच्या खुर्च्यांना. ठरावाला पाठिंबा देणारी, अनुमोदक म्हणून खाली सही – माझी. वही फिरत आली होती. "अक्का, तुमचं अक्षर चांगलं," कोणीतरी म्हणालं. केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मी! त्याच नोव्हेंबरात हे पडले.

उद्या सभा. ठराव मोठ्यानं वाचायचा. अनुमोदकाच्या नावासकट.