दोन मिनिटांच्या शांततेतली चिठ्ठी

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा साष्टांगातलं एक अंग कमी धरावं.) तुमची तब्येत कशी आहे? रविवारी रक्तदाब वाढला असेल, तर त्या पापाचा धनी मीच. इकडे सगळे बरे आहेत. बायकोने मात्र रविवारपासून माझ्याशी बोलणं सोडलंय, त्यामुळे घरात शांतता आहे; आणि शांततेबद्दलच लिहायचं आहे.

दादांच्या शोकसभेत झालं ते मी मुद्दाम केलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, बावीस वर्षं दादा रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री करायचे आणि मी त्यांच्या उजवीकडे बसून धावा लिहायचो. रेडिओवर पाच सेकंदांच्या वर शांतता चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, सेल संपले. पण एखादा फटका दादांना इतका आवडायचा की ते बोलायचंच विसरायचे. मग मी पाचपर्यंत मोजून डावीकडे चिठ्ठी सरकवायचो : 'बोला.' आणि मग ते बोलायचे ते बहुतेक माझ्यावरच. माझा डबा, माझी टोपी, टोपीखालचं टक्कल. सामना चालू असताना मी म्हणे झोपलो, त्या झोपेच्या किश्श्याने तर त्यांनी मला जगभर कुंभकर्ण करून ठेवलं. (मी झोपलो नव्हतो. चौदा वर्षं सांगतोय, पण ऐकतो कोण? परवा न्हाव्यानेही विचारलं, "काय कुंभकर्ण, आज जागे?")

तर सभेत मला अध्यक्षांच्या उजवीकडे बसवलं आणि आकडेवाला माणूस म्हणून दोन मिनिटांची शांतता मोजायचं काम दिलं. सगळे उभे राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच. वहिनी, हाताला बावीस वर्षांची खोड. चिठ्ठी कधी लिहिली आणि कधी डावीकडे सरकवली, माझं मलाच कळलं नाही. अध्यक्ष निघाले आज्ञाधारक. त्यांनी ती वाचली, घसा खाकरला आणि "मित्रहो" म्हणून जे सुरू झाले ते अकरा मिनिटं थांबेनात. बसावं की उभं राहावं, लोकांना कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, "कुंभकर्णाने झोपेत लिहिली असेल," आणि सगळं सभागृह हसलं. तुम्ही पहिल्या रांगेत रुमालात तोंड खुपसलं होतं आणि तुमचे खांदे हलत होते. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मी तुम्हाला रडवलं असेल तर पाय धरतो. मी डावीकडे पाहिलं, तर तिथे दादा नव्हते. ते गेले हे मला तेव्हा कुठे पटलं. फार आठवण येते हो त्यांची.

तुमचा,
उजवीकडचा भाऊजी

ता. क. : दादांच्या कपाटातली ती झोपेच्या किश्श्याची कॅसेट दोन दिवस ऐकायला द्याल का? मी स्वतः परत आणून देईन.

आणखी ता. क. : हे कुणाला सांगू नका. त्या दिवशी मी खरंच झोपलो होतो, चांगली सहा षटकं. आई दवाखान्यात होती, तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. दादांनी एका हाताने माझ्या वहीत धावा लिहिल्या आणि तोंडाने माझ्या झोपेवर इतके विनोद केले की आमच्या साहेबांनाही वाटलं, नेहमीची थट्टाच चाललीय. माझी नोकरी वाचली. तो किस्सा साऱ्या जगाने ऐकला, वहिनी. ऐकायचा राहिलो तो मी एकटाच.