घंटी नसलेली सायकल

आई, आज सकाळी फूटपाथवर माझ्या मागून एक गृहस्थ सायकलवरून आले आणि त्यांनी जोरात घंटी वाजवली. मी दचकले आणि नेमकी त्यांच्या चाकापुढे जाऊन उभी राहिले. "काकू, घंटी ऐकू येत नाही का?" ते ओरडले. "ऐकू आली म्हणूनच आडवी आले," मी म्हणाले. त्यांना काही ते कळलं नाही. तुला कळलं असतं, म्हणून तुला लिहायला बसले.

तू गेल्याला इतकी वर्षं झाली, की या बोळिंजमध्ये आता तुला आपली इमारत चटकन सापडणार नाही. फूटपाथ सापडेल. त्यावर पाणीपुरीची गाडी आहे, कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फलक आहेत, तिरक्या लावलेल्या स्कूटर आहेत, आणि उरलेल्या जागेतून माणसं एकमेकांवर रागावत चालतात. आपण राहायला आलो तेव्हा तो कोरा होता. संकुलातल्या निम्म्या इमारती उभ्या होत्या आणि निम्म्या अजून विटांच्या ट्रकमधून येत होत्या. दारापासून मोठ्या गेटपर्यंतच्या रस्त्यावर दिवसभर तेच ट्रक, आणि जीव मुठीत धरलेल्या आपल्यासारख्यांना तो एक फूटपाथ.

गेलं शतक संपत आलं होतं तेव्हा तुझा उजवा गुडघा संपला. तू शिकवायचीस ती शाळा नंदाखाल गावाच्या बाजूला. एसटीची पायरी तुला चढवेना, चालणं तर डॉक्टरांनी बंदच केलेलं. ते म्हणाले, "सायकल चालवलीत तर उत्तम." त्यांना घरात एका जागी उभी असते ती व्यायामाची म्हणायचं होतं. तू आठवड्याच्या आत विरारच्या दुकानातून खरी घेऊन आलीस, जुनी, लेडीज, पुढे जाळीची टोपली. लहानपणी शाळेच्या स्लो सायकलिंगमध्ये, पाय न टेकता सगळ्यांच्या मागे राहायच्या शर्यतीत, तुला स्टीलचा डबा मिळाला होता, ही बातमी आम्हाला त्या दिवशी समजली. मग पाना घेऊन तू जिन्याखाली बसलीस आणि घंटी काढून टाकलीस. "घंटी वाजली की माणूस दचकतो आणि चाकासमोर येतो," तू म्हणालीस. "हाक मारली की वळून बघतो."

त्यानंतर गेटपर्यंतच्या फूटपाथवर रोज सकाळी तुझा आवाज. "वहिनी, पिशवी जरा आत घ्या." "ताई, मी आहे, घाबरू नका." "आजोबा, उजवीकडून येतेय हं." समोरून लहान मूल किंवा डोक्यावर ओझं घेतलेली बाई आली, की तू उतरायचीसच. उतरताना ओठ आवळायचीस, ते मी बाल्कनीतून बघायचे.

आजोबा म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त साहेब. त्यांनी संकुलाच्या मीटिंगमध्ये विषय काढला. "फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे. मोठी माणसं त्यावरून सायकली हाकायला लागली, तर उद्या कोणी घोडा आणेल!"

"घोड्याला पार्किंग कुठाय, काका?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण माना त्यांच्याच बाजूने हलत होत्या. आणि त्यांचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. फूटपाथ गेला की सायकल गेली, सायकल गेली की शाळा गेली. तुला घरी बसवणं म्हणजे काय, हे घरातल्या आम्हा सगळ्यांना नीट ठाऊक होतं. आम्हालाच बसायला जागा उरली नसती.

तू उठलीस, खुर्चीला धरून. "साहेब, तुमचं बरोबर आहे. रस्त्यावर ट्रक मला मारतील आणि फूटपाथवर मी तुम्हाला मारीन, असंच ना? उद्या तुम्ही पुढे चाला, मी मागून येते. गेटपर्यंत. धक्का लागला किंवा माझा पाय टेकला, तर सायकल विकून टाकते."

दुसऱ्या दिवशी बाल्कन्यांमध्ये चहाचे कप घेऊन जत्रा जमली आहे. एरवी दुधाला धावत जाणारे साहेब आज वरातीत असल्यासारखे चालतात. जास्वंदीपाशी थांबतात. कळ्या न्याहाळतात. चष्मा काढून पुसतात. आणि मागे तू. हँडल इकडे, हँडल तिकडे, पुढचं चाक जागच्या जागी थरथरतंय, पाय पेडलवरच. "साहेब, सावकाश पुसा. मला घाई नाही." बाल्कन्या टाळ्या वाजवतात. गेट आता हाकेच्या अंतरावर आहे, आणि नेमकी तिथून अर्नाळ्याची मासेवाली आत वळते, डोक्यावर पाटी.

तू उतरलीस.

"अगो बाय, उतरलीस कशाला? मी थांबले असते ना," ती म्हणाली. "बाजूला हो, पाटीतलं पानी सांडल तुझ्यावर."

साहेब वळले. "पाय टेकलात."

"टेकला. संध्याकाळी विकते."

"पण त्या थांबत होत्या की."

"त्यांच्या डोक्यावर ओझं आहे, साहेब. मी बसलेली आहे."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग गुडघा दाबून धरलेल्या तुझ्या हाताकडे. चष्मा काढला आणि न पुसताच परत लावला. मग म्हणाले, "बाई, सायकल राहू द्या. पण उद्यापासून आजोबा म्हणायचं नाही. काका चालेल."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्यावर एक लेख लिहिला, इथल्या साप्ताहिकासाठी, वरात, घोडा, चष्मा सगळं घालून. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस आणि मग कागद माझ्या हातात परत दिलास. "मस्त आहे. पण मागून आलीस गं, हाक मारली नाहीस. जा, आधी त्यांना वाचून दाखव." पाय ओढत खाली गेले. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "घोडा राहू दे," ते म्हणाले. "चष्म्याचं तेवढं काढ. आमच्या हिने घेतलेला शेवटचा आहे तो." ते वाक्य मी खोडलं, आणि लेख चांगला झाला. तेव्हापासून लोकांना टोचून लिहिण्यावर माझं घर चाललं आहे. ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी सांगते. निम्मे बोलायचे बंद होतात, पण दचकला कुणीच नाही. हे सगळं तुझ्याकडून आलं, आणि तू होतीस तेव्हा तुझे आभार मानायचे म्हणजे तुझ्या टपल्या खायच्या, म्हणून राहून गेलं.

आता माझाही गुडघा बोलायला लागला आहे, तोही उजवाच. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. कोणती, ते मी विचारलं नाही. माळ्यावरून तुझी काढली, टायर बदलून आणले. उद्या गेटपर्यंत जाईन म्हणते. फक्त एक आहे, आई. छापून टोचणं मला जमतं, पण अनोळखी पाठीला "काका" म्हणून हाक मारायला जीभ अजून रेटत नाही. म्हणून नवी घंटी बसवून घेतली आहे, तुला न विचारता. तुझा पाना मात्र टोपलीत ठेवलाय. हे पत्रही तिथेच ठेवते, त्याच्याखाली.