शर्यतीत वाट देणाऱ्या यशवंतास

॥ श्रीकृपा ॥

प्रिय यशवंता,

ज्याच्या कृपेवाचून डोळस माणसालाही आपला दोष दिसत नाही, त्या कुलस्वामीला प्रथम वंदन करतो. हे पत्र शेवटापर्यंत नेण्याइतके बळ त्याने या म्हाताऱ्या हाताला द्यावे.

तुझे वर्षश्राद्ध झाल्यावर मी गेल्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी जाऊन आलो. परतीची एसटी कसारा घाट उतरत असताना मागून एका ट्रकचा भोंगा सुरू झाला, तो थांबेचना. भर दुपारी त्याचे दोन्ही दिवे जळत होते. आमच्या चालकाने तत्क्षणी गाडी कडेला घेतली आणि तो ट्रक गर्जत पुढे निघून गेला.

"काय झाले हो त्याला?" मी विचारले.

"ब्रेक गेलाय, बाबा. भोंगा नि लाइट चालू ठेवून आला का वाट द्यायची. घाटात हे कोनाला सांगाया लागत नाय."

यशवंता, मला मात्र कोणी सांगितले नव्हते! या घाटाच्या पायथ्याशी सत्तर वर्षे राहिलो, शास्त्रे वाचली, लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. आणि माझा धाकटा भाऊ ज्या रस्त्यावर जगला, त्या रस्त्याचा धर्म मला ठाऊक नव्हता. उरलेला घाट मी डोळे मिटून उतरलो. मिटल्या डोळ्यांपुढे तुझी शेवटची शर्यत होती.

तुला आठवते, तू एकदा म्हणाला होतास, "दादा, तुमचं अक्षर चांगलं. आमच्या टीमची पोथी तुमीच लिवा." मी हसलो होतो. ट्रकच्या शर्यतीची कुठे पोथी असते का? आज ती लिहायला बसलो आहे, तर वाचायला तू नाहीस.

शहापूरच्या बाहेर, महामार्गालगत, काळू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचा संघ जन्मला. काळू ठाकूरपाड्यावरचा, उभे आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. तू घाटात ट्रक चालवणारा. ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीने शर्यतीसाठी चालक निवडले, त्यांत तुझे नाव निघाले. दोन वर्षे त्यांच्यासाठी धावलास आणि मग म्हणालास, आता आपला संघ काढायचा. मुरबाडच्या चार ट्रकमालकांनी पाठबळ दिले. ट्रकला केशरी रंग दिला, दारावर 'सिद्धगड' असे नाव घातले. ती अक्षरे मीच काढून दिली होती. किती अभिमान वाटला होता मला!

पहिल्या वर्षी अर्ध्या शर्यतीत क्लच जळला. दुसऱ्या वर्षी पंचांनी केबिनमधले लिंबू-मिरची काढायला लावले. आत काही लोंबकळता कामा नये, असा त्यांचा नियम. तू ते खिशात घालून धावलास. पुढे तुझ्या बायकोने, सुमनने, तुझे कपडे धुवायला घेतले आणि मिरचीच्या हाताने डोळे चोळले! "नजर ट्रकची उतरली, नि लागली मला," म्हणत ती दिवसभर तुझ्या नावाने शंख करत होती. तिसऱ्या वर्षी तुम्ही दुसरे आलात आणि शेणव्यात तुझी मिरवणूक निघाली. देवळाच्या सभामंडपात मी सांगितले, पुढच्या वर्षी पहिला मान याच गावाचा. तो शब्द माझा होता, तुझा नव्हता. ओझे मात्र तू वाहिलेस.

चौथ्या वर्षीची अखेरची शर्यत सारा गाव त्याच सभामंडपात मोठ्या पडद्यावर पाहत होता. शेवटचा फेरा, आणि सर्वांच्या पुढे तू! मागचा ट्रक दिवे पेटवून, भोंगा दाबून तुझ्या पाठीवर आला. आणि तू बाजूला झालास. हातातले पहिलेपण तू त्याला देऊन टाकलेस.

मागून कोणी म्हणाले, "विकला गेला का काय हा?" त्याला मी दटावायला हवे होते ना रे? पण माझा शब्द खोटा पडला होता, आणि त्या जखमेपुढे भाऊ दिसेनासा झाला. मी म्हणालो, "ज्याच्या मनात लोभ शिरला, त्याच्या हातून जय निसटणारच." लोकांच्या नुसत्या कुजबुजीवर मी धर्मवचनाचा शिक्का मारला. महिन्याभरात मालकांनी हात काढून घेतले. संघ मोडला. केशरी ट्रक विटा वाहू लागला.

तू घरी आलास. मी ओटीवर पोथी वाचत होतो. "दादा, एक बोलायचं होतं." मी मान वर न करता तळहात पुढे केला. वाचन चालू असता बोलू नये, हा आपल्या घरचा नेम. तू तो लहानपणापासून पाळलास. खांबाला टेकून अध्याय संपायची वाट पाहत उभा राहिलास. अध्याय संपला. आणि मी पुढचा उघडला.

यशवंता, त्या पुढच्या अध्यायातले एक अक्षरही मला आज आठवत नाही. तुझी पायरी उतरणारी पावले मात्र आठवतात.

पुन्हा तू ती पायरी चढला नाहीस. गणपतीत सुमनच्या हाती मोदक यायचे, तू यायचा नाहीस. मग तुझे हृदय थकले. मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. मी तुझ्या कानाशी नामस्मरण केले. "तेव्हा काय सांगायचे होते रे?" एवढे विचारायला हवे होते. देवाचे नाव घेतानाही मी तुझेच उत्तर टाळत होतो.

सोमवारी एसटीतून उतरलो तो थेट काळूच्या शेडमध्ये गेलो. त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"काळू, त्या दिवशी यशवंताने वाट का दिली?"

"आता इचारताय, दादा?"

मी जवळच्या टायरवर बसलो. मग तोच बोलला. "कानातल्या यंत्रावर मला म्हनला, 'काळू, मागच्याचा ब्रेक गेला रे, वाट देतो.' मी वरडलो, 'अरे येड्या, ही शर्यत हाय, घाट नाय!' तवर देऊन झाली होती."

"आणि त्या मागच्याचा ब्रेक?"

"शाबूत. नुसता घाबरवत होता तो."

"मग गावात सांगितले का नाहीस?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हनला, दादाला मीच सांगेन. दादा इचारतील तेव्हा."

किती वर्षे थांबलास रे! एवढा कसला हट्ट? एकदा माझी पोथी हिसकावून घ्यायची होतीस, शेजाऱ्यांनी ऐकावे असे ओरडायचे होतेस. धाकट्याने असे रागावण्याला पाप म्हणत नाहीत. मी मात्र समोरच्याला बोलू न देता निवाडा केला, आणि त्याला पाप म्हणतात, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. तू एक जीव वाचवायला पहिला मान सोडलास. मी माझा मान राखायला तुला सोडले.

आता माझे वचन ऐक. येत्या एकादशीला त्याच सभामंडपात, पोथी उघडण्यापूर्वी, काळू माझ्या शेजारी बसेल आणि प्रथम तो बोलेल. त्याचे संपेपर्यंत मी मध्ये शब्द बोलणार नाही. त्यानंतर मी उभा राहून सांगेन की यशवंत विकला गेला नव्हता, आणि तसे म्हणणारा खोटा मी आहे. लोकांनी काय म्हणायचे ते म्हणावे. तुमच्या संघाची पोथीही मी लिहीन. काळू सांगेल तशी, माझी पदरची भर न घालता. हे पत्र देवळाच्या फलकावर आणि काळूच्या शेडच्या दारावर लावणार आहे.

ते जो कोणी वाचील त्याचे कल्याण असो. चाकावर ज्याचे पोट आहे तो सुखरूप घरी पोहोचो. आणि ज्याचा रुसलेला भाऊ अजून या जगात आहे, त्याला आज दिवस मावळायच्या आत त्याच्या दारी जाऊन "काय झाले होते रे?" एवढे विचारण्याची बुद्धी भगवंत देवो.

तुझा अपराधी,
विनायकदादा
शेणवा