फोटोतली ओवरी

प्रिय ईरा,

पार्सल मिळालं. फोटोंचं जाड पुस्तक एक, तुझ्या काकांना सुती उपरणं एक, आणि राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट. दोन लाडू फुटले होते, ते नैवेद्यातून बाजूला काढले. टपालाचे एकशे चाळीस तू भरलेस ते दिसलं. पुस्तकावर अठराशे किंमत वाचून मी ते पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. एवढ्यात देवाच्या समईचं वर्षाचं तेल होतं गं.

तुझे काका मात्र रोज चष्मा लावून तेच एक पान उघडतात. आपलं देऊळ, पडकं शिखर, मागे ओवऱ्यांची रांग. खाली छापलंय, 'विस्मरणात गेलेलं देऊळ'. मला जरा लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथली पूजा एक दिवस चुकलेली नाही, आणि त्या पडलेल्या शिळेवर मी दर उन्हाळ्यात पापड वाळवते. विसरलं कोण? पण फोटो सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

तुला आठवत असेल, तू फोटो काढायला आलीस त्याच्या आदल्या दिवशी आम्ही राहतो त्या ओवरीवरचे पत्रे वावटळीने उडाले होते. आम्ही दोघं हळहळत होतो आणि तुला ते उघडं छान दिसलं. दोरीवरची धुणी काढायला लावलीस आणि म्हणालीस, "काकू, दोनच मिनिटं आत थांबता का?" मी दार लोटून आत थांबले. अजून आतच आहे, असं कधी कधी वाटतं.

कारण तो फोटो पेपरात आला आणि देवस्थान कमिटीने तिसगावच्या फाट्यावर त्याचा फ्लेक्स लावला. आता रविवारी नगरहून, पुण्याहून गाड्या येतात. सगळ्यांना फोटोतल्यासारखंच हवं असतं. परवा एक मुलगी मला म्हणाली, आजी, जरा बाजूला होता का. आमच्या मुलाने, अर्णवने, नागापूरच्या कारखान्यातून रजा काढून नवे पत्रे टाकून दिले होते, ते दिवाळीत कमिटीने उतरवले. अध्यक्ष आबासाहेब, माणूस वाईट नाही. चपला काढून आले, चहा घेतला, म्हणाले फोटोत पत्रे नाहीत. पत्रे मागे नीट रचलेत, वर ताडपत्री घातलीय. पत्र्यांवर, आमच्यावर नाही.

मागच्या अवकाळीत अंथरूण उचलून सभामंडपात बसलो. ह्यांचा दमा तेव्हापासून हटलेला नाही. ओल लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. अर्णव तिकडे बोलावतो, पण पूजा कोण करणार? हे जाणार नाहीत, आणि ह्यांना सोडून मी कुठे जाऊ? वर ह्यांचं म्हणणं, देवाच्या डोक्यावर तरी कुठे शिखर आहे.

काल ह्यांना न सांगता मी आबासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, ईराताईंनी लिहून दिलं तर उद्या पत्रे चढवतो. फोटो त्यांचा आहे." घर आमचं आहे, असं ओठावर आलं होतं. पण ओवरीही देवस्थानचीच. म्हणून हे पत्र. पत्र्यांना तुझी हरकत नाही, एवढं आबासाहेबांच्या नावे लिही. जमलं तर आणखी एक ओळ घाल, की फोटो काढला तेव्हा आत माणूस होतं. ह्यांना यातलं कळू देऊ नकोस. मृग जवळ आलाय, उलट टपाली कळव.

तुझीच,
सुनीतीकाकू